शेवटचं प्रकरण
मागच्या आठवड्यात वाचनालयातून आणलेल्या जाडजूड ऐतिहासिक कादंबरीला डांबरगोळ्यांचा वास येत होता, आणि मला देवळाली कॅम्पातल्या आमच्या शेजारच्या काकू आठवल्या. काका फौजेत होते, तेव्हा सीमेवर; घरी राहिलेले त्यांचे कपडे काकू डांबरगोळ्या घालून ठेवत. काकू आणि मी वाचनालयातली पुस्तकं आणून अदलाबदल करायचो. प्रेमकथा त्या शेवटच्या पानापासून उघडत. दोघांचं लग्न झालेलं दिसलं तरच बाकीची वाचत. ऐतिहासिक कादंबरी मात्र शेवटचं प्रकरण न वाचताच परत करत. एकदा दुपारी पायरीवर बसून मटार सोलताना मी म्हटलं, "काकू, राजा शेवटी मरतो हे शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं. वाचलं काय नि न वाचलं काय." त्या म्हणाल्या, "माहीत आहे गं. पण मी वाचत नाही तोवर तो घोड्यावर आहे." तेवढ्यात आत फोन वाजला आणि मांडीवरच्या शेंगा सांडत त्या धावल्या. फोन काकांचाच होता. काकूंचं हसणं ऐकू येईपर्यंत मी शेंगा वेचायलाही वाकले नव्हते. ऐतिहासिक कादंबऱ्यांबद्दल माझं मत अजूनही फारसं बरं नाही. भाषणं फार असतात आणि लढाया संपता संपत नाहीत. हीदेखील तशीच निघाली. पण शेवटचं प्रकरण न वाचताच मी ती आज परत करून आले.