झाकलेली पाटी

माझ्या चिकनच्या दुकानाच्या शटरवर नगरपालिकेची नोटीस डकवलेली होती. तिची खळ अजून ओली होती. महाशिवरात्रीला मांसविक्री बंद, दुकान उघडल्यास कारवाई. तिच्याखाली माझी पाटी अर्धी झाकली गेली होती : ‘आज उपास. दुकान बंद.’ गेली वीस वर्षं ती मीच खडूने लिहितो.

“शेठ, तुम्ही तर बंदच ठेवता, मग चिडता कशाला?” नोटीस लावणारा म्हणाला.

“मी ठेवतो म्हणूनच चिडतो!” मी ओरडलो.

तो हसून शेजारच्या युसुफभाईंच्या शटरकडे वळला. या दिवशी माझी गिऱ्हाइकं मीच त्यांच्याकडे पाठवायचो.

जन्मभर दोन-दोन रुपयांसाठी भांडलो, पण देवाशी घासाघीस कधी केली नाही. वर्षातल्या एका दिवसाचा धंदा आपणहून सोडायचो, एवढंच माझं त्याला देणं होतं. आता सोडायला माझ्या हातात काही राहिलं नाही. भांडायचं तरी कुणाशी? कागदाशी?

दुपारी घरी बायकोने खिचडीची ताटली पुढे केली. माझा चेहरा बघून म्हणाली, “उपास लागला वाटतं.”

“उपास कसला,” मी म्हणालो, “आज सुट्टी आहे.”