वापरलेली ट्यूब

हे लिहावं की नाही, याचा बरेच दिवस विचार करत होतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि लिहिण्याचा माझा सराव प्रयोगवहीपुरता. ज्यांची भाषा चांगली आहे त्यांनी लिहावं आणि आपण वाचावं, असंच मला अजून वाटतं. तेव्हा वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. शिवाय जे सांगायचंय ते फारसं शोभणारंही नाही. बरोबरीच्या एका मुलीचा मला हेवा वाटत होता, आणि तो पुरता गेलाय असं अजूनही म्हणता येत नाही.

नाशिकला एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी आम्ही दोघं एकाच मॅडमकडे प्रोजेक्ट करत होतो. पेशीला बाहेरून निरोप आला की तो आतपर्यंत पोचवणारी काही एन्झाइम्स असतात. त्यातलं एक आम्हाला शोधायचं होतं. ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून पेशीतली प्रथिनं कागदासारख्या एका पांढऱ्या पडद्यावर उतरवायची आणि तो पडदा अँटीबॉडीच्या पाण्यात भिजवायचा. अँटीबॉडी फक्त त्या एन्झाइमला चिकटते, निदान चिकटावी अशी अपेक्षा असते. शेवटी मशीनमध्ये फोटो काढला की ती जिथे चिकटली तिथे काळी रेघ उमटते. एक रेघ आणि बाकी सगळं कोरं, हा चांगला फोटो.

ही अँटीबॉडी येते करंगळीच्या पेराएवढ्या कुपीत. माझे वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला आहेत. त्यांना मी मोबाइलवर कुपीचा फोटो दाखवला, तर म्हणाले, "येवढीशी बाटली, आन तिच्यासाठी येवढा मोठा फ्रीज ठेवलाय?"

कुपी पुरवून वापरावी लागे, म्हणून आमच्या प्रयोगशाळेत एक रीत होती. सोमवारी जो आधी येईल त्याने कुपीतला थेंब पाण्यात मिसळून नवी ट्यूब तयार करायची. आपला पडदा भिजवून झाला की ते पाणी फेकायचं नाही, परत ट्यूबमध्ये ओतून फ्रीजमध्ये ठेवायचं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याने तेच वापरायचं. आठवड्याला प्रत्येकाचा एकच पडदा तयार होई.

वडिलांच्या पहिल्या पाळीमुळे मी त्यांच्या गाडीवर नाशिकरोडपर्यंत लवकर येई आणि तिथून सिटी बस धरी. त्यामुळे सोमवार कायम माझाच. मला याचं किती अप्रूप होतं ते सांगून पटणार नाही. शाळेचा गणवेश चुलतभावाचा, पुस्तकं शेजारच्या ताईची, सायकल मामाची, असंच आजवर चाललं होतं. इथे मात्र कोरी करकरीत ट्यूब माझ्या हातची, आणि माझं उरलेलं दुसरं कोणी वापरणार. तेही ती.

ती ओझरहून यायची, स्वतःच्या स्कूटरवर. वडील विमानांच्या कारखान्यात अधिकारी. पण स्कूटरचा हेवा मला फारसा वाटला नाही. वाटला तो वेगळ्याच गोष्टीचा. मॅडमनी काही विचारलं आणि येत नसलं, तर ती हसून "मला नाही माहीत, मॅडम" म्हणायची आणि पुढच्या कामाला लागायची. ते वाक्य माझ्या तोंडून कधी निघायचं नाही. मला वाटे, आपण असं म्हटलं तर लगेच घरी पाठवतील.

आणि तिच्या पडद्यावर दर मंगळवारी रेघ उमटे. एकच, पेन्सिलीने ओढावी तशी. माझा पडदा दर सोमवारी सगळीकडून काळा. डाग, ढग, मध्ये कुठेतरी ती रेघ बुडालेली. मॅडमनी पडदा जास्त वेळ धुवायला सांगितलं. मी धूत बसलो. काळा तो काळाच. एकदा ती माझ्या खांद्यावरून डोकावली आणि म्हणाली, "तुझ्याकडे बारा महिने अमावास्या असते का रे?"

सगळे हसले. मीही हसलो. बसमध्ये मात्र एकच गोष्ट डोक्यात घोळत राहिली. माझ्याच हातची ट्यूब, माझंच उरलेलं पाणी, आणि रेघ तिची. यात नशिबाशिवाय दुसरं काय असणार?

अशात पुण्याच्या एका प्रयोगशाळेने मॅडमकडे प्रोजेक्ट असिस्टंटसाठी विद्यार्थी मागितला. जागा एक. मॅडमनी आम्हा दोघांची नावं कळवली आणि मुलाखतीला पडद्याचा चांगला फोटो घेऊन जा म्हणाल्या. वडिलांनी तोवर ठेकेदाराकडे माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. पुण्याचं झालं नाही, तर वीज केंद्राच्या गोदामात मालाची नोंद ठेवायचं काम. ते काम वाईट नव्हतं. फक्त तिथे गेलो की परत येणं नाही, हे मला ठाऊक होतं.

मुलाखतीआधीच्या शुक्रवारी ती माझ्या टेबलापाशी आली.

"या सोमवारी मी आधी लावते. तू मंगळवारी लाव."

"का?"

"करून बघ ना. तुझं बरं होईल कदाचित."

"सोमवार माझा आहे," मी म्हणालो.

"ठेव बाबा तुझा सोमवार तुझ्यापाशी," असं म्हणून ती गेली. मला वाटलं, हिच्याकडे सगळं आहे, आता हिला कोरी ट्यूबही हवी. त्या सोमवारी मी रोजच्यापेक्षाही लवकर गेलो.

पडदा काळाच निघाला. मुलाखतीत तिथल्या सरांनी माझा फोटो हातात धरून विचारलं, यातली रेघ कोणती. मला बोट ठेवून दाखवावी लागली. ते काही वाईट बोलले नाहीत, नुसते फोटो जरा लांब धरून बघत राहिले. तिची मुलाखत माझ्यानंतर होती. बाहेर आली ती आरामात पाणी पीत.

निकाल बरेच दिवस लागेना. त्यात कुपी संपली आणि नवी यायला अवकाश होता. फ्रीजमध्ये उरली होती ती तिची मंगळवारची जुनी ट्यूब, आधी माझ्या आणि मग तिच्या पडद्यावरून फिरून आलेली. रिपोर्टसाठी माझा एक पडदा बाकी होता. मन घेत नव्हतं, पण इलाज नव्हता. आयुष्यभर इतरांचं वापरलेलं घेतलं, त्यात आणखी एक, असं म्हणून मी पडदा त्यात सोडला.

फोटो आला तो कोरा पांढरा, आणि मधोमध एक रेघ.

मी माझे जुने फोटो काढून शेजारी लावून पाहिले. मग ध्यानात आलं. नव्या पाण्यात भलतीकडे चिकटणारंही पुष्कळ असतं. ते पहिल्या पडद्यावर चिकटून निघून जातं, आणि मागे जे उरतं ते नेमकं. वर्षभर तो पहिला पडदा माझा होता. त्या शुक्रवारी ती मला जे देत होती, ते मी तिच्याच हातात परत ठेवलं होतं. हे कळल्यावर हेवा कमी व्हायला हवा होता. उलट वाढला. तिला ते माझ्याआधी कळलं, याचाही.

तरी रेघ माझी होती. मी फोटो मॅडमना पाठवला. थोड्या वेळाने त्यांचं उत्तर आलं.

"सुंदर. आत्ताच पुण्याहून फोन येऊन गेला, तिची निवड झाली. आणि ती जुनी ट्यूब संपवू नकोस. जाताना सोबत नेऊ का, म्हणून ती विचारत होती."