दाजींचा सहलीचा पास

परदेशी जाऊन माणसं काय काय बघून येतात. माझे दाजी लोकांची डोकी बघून आले, तीही मागून. मी त्यांच्याबरोबर होतो, त्यामुळे माझ्याही वाट्याला तेच आलं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. धंदा केस कापण्याचा. दोन खुर्च्यांचं दुकान, त्यातली एक कायम मोडलेली. दाजी माणूस चेहऱ्यावरून ओळखत नाहीत, मानेवरून ओळखतात. रस्त्यात कोणी पाठमोरा चालला असेल तर म्हणणार, "हा बघ, गेल्या वेळी दुसरीकडं कापून आलाय, चोर." आणि ते खरं निघायचं.

त्यांचा एकुलता एक मुलगा. डोक्यावर दोन भोवरे, म्हणून दाजी त्याला भोवऱ्या म्हणायचे. दोन भोवरे म्हणजे दोन बायका, असं म्हणून आम्ही त्याला पिडायचो. तो ओशाळला किंवा खोटं बोलला की चेहऱ्यावर काही दिसायचं नाही, पण कान लाल व्हायचे. दाजी त्याला खुर्चीत बसवून मागून कात्री चालवत विचारायचे, "शाळेत गेला होतास?"

"हो."

"कान बघ जरा स्वतःचे." मग पोरगं हसत हसत सगळं कबूल करायचं.

हा भोवऱ्या परदेशात एका कारखान्यात लागला. आधी रोज फोन, मग रविवारी, मग आठवण आली तर. पुढं कारखाना बंद पडल्याचं दुसऱ्याच कोणाकडून कळलं आणि भोवऱ्याचा एवढाच निरोप आला: मी बरा आहे, मला शोधू नका. त्यानंतर नंबर बंद. का, कशासाठी, कोणाला काही पत्ता नाही. ताईनं रडारड केली नाही. तिनं घराला कुलूप लावायचं सोडून दिलं. बाजारात गेली तरी दार सताड उघडं. मी ओरडलो तर म्हणाली, "तो आला आणि कुलूप बघून परत गेला तर?"

मग तिकडं कामाला असलेला एक जण सुट्टीवर आला. म्हणाला, भोवऱ्या एका गाडीत दिसला होता, हाक मारेपर्यंत उतरून गेला. कुठली गाडी, कुठलं स्टेशन, काही धड सांगता येईना. पण दाजींनी तेवढंच धरलं. कोणीतरी त्यांना सांगितलं की बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांना तिकडं रेल्वेचा एक पास मिळतो, तो घेतला की मुदतीपर्यंत कुठल्याही गाडीत बसा. झालं. मी म्हटलं, "दाजी, अख्ख्या देशाच्या गाड्यांत एक माणूस शोधायचा? डोकं ठिकाणावर आहे ना?" ताई मला बाजूला घेऊन म्हणाली, "तू जा बरोबर. एकटे गेले तर तेही हरवतील." मी फरशी बसवणारा माणूस, गुडघ्यांनी केव्हाच राम म्हटलेला. पण ताईपुढं माझं आजवर काही चाललंय का?

पासावर एका तलावाचं चित्र होतं. निळंशार पाणी, मागं बर्फाचे डोंगर. त्या तलावाच्या काठानं आम्ही कितीदा गेलो असू, देव जाणे. बघितला मात्र नाही.

दाजींची पद्धत ठरलेली. डब्यात चढायचं आणि शेवटच्या रांगेत बसायचं. तिकडं सगळ्या सीटा एकाच दिशेला तोंड करून असतात. दाजी एकेका डोक्यावरून नजर फिरवायचे, दोन भोवरे दिसले नाहीत की "ऊठ." पुढचा डबा. गाडी संपली की समोर उभी असेल ती गाडी. कोणी टोपी घातलेली असली तर ती काढेपर्यंत दाजी हलायचे नाहीत. अशाच एका टोपीपायी आम्ही पार शेवटच्या स्टेशनापर्यंत गेलो आणि टोपीखाली निघालं टक्कल. मला हसू आवरेना. दाजीही हसले.

तिकीट तपासणाऱ्या बाई पास बघून खूश व्हायच्या. खिडकीकडं बोट दाखवून खुणेनं सांगायच्या, इकडं बसा, आता तलाव येईल. दाजी हात जोडून नको म्हणायचे. दोन म्हातारे पैसे मोजून सहलीला येतात आणि शेवटच्या रांगेत बसून लोकांच्या टाळूकडं बघतात. त्या बाईंना आम्ही ठार वेडे वाटलो असणार. मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

रोज संध्याकाळी खोलीवर ताईचा फोन. "दिसला?"

"नाही अजून."

"जेवलात?"

"हो." आणि दाजी कोरडा पाव चहात बुडवत बसायचे.

एक दिवस दुपारच्या गाडीत, आमच्यापुढं दोन रांगा सोडून एक जण बसला होता. अंगात मळकट जाकीट, मांडीवर पिशवी. दाजी पुटपुटले, "कोणी कापलेत हे? डावीकडं खड्डा पाडलाय." मग जरा थांबून म्हणाले, "स्वतःच कापलेत. आरशात बघून."

मी मान लांब केली. टाळूवर दोन भोवरे. मी उठायला लागलो तसं दाजींनी माझं मनगट धरलं. कात्रीचा हात, सुटता सुटेना. आणि तिथूनच, दुकानात मारावी तशी, त्यांनी हाक मारली.

"भोवऱ्या."

त्या देशात या शब्दाला मान वळवणारा दुसरा कोण असणार? पण मान वळली नाही. एक बाई वळली, एक लहान मूल वळलं. तो तसाच पुढं बघत राहिला. फक्त त्याचे कान लाल झाले, आधी पाळ्या, मग वरपर्यंत सगळे.

मी म्हटलं, "दाजी, सोडा मला, कॉलर धरून आणतो." दाजी म्हणाले, "बस खाली." आवाज चढवला नाही, पण मी बसलो.

पुढच्या स्टेशनात तो उतरला. बाहेर पडायच्या दाराकडं गेला नाही. फलाटावर गाडीकडं पाठ करून उभा राहिला, पिशवी छातीशी धरून. गाडी हलली तरी तसाच. दाजींनी दिसेनासा होईपर्यंत त्याच्याकडं पाहिलं आणि मग माझं मनगट सोडलं. मला त्या पोराचा इतका राग आला होता, आणि इतकी दयाही, की मी तोंड धुवायला म्हणून उठून गेलो.

संध्याकाळी फोन आला. "दिसला?"

"नाही," दाजी म्हणाले.

मी त्यांच्याकडं बघतच राहिलो. फोन ठेवल्यावर म्हणाले, "सापडला नाही म्हटलं तर ती वाट बघत राहील. दिसला आणि वळला नाही म्हटलं तर काय करेल, सांग?" ताईनं तर फोन ठेवताना विचारलं होतं, पास अजून आहे ना? मग शोधा.

म्हणून पास संपेपर्यंत आम्ही फिरलो. सकाळी उठायचं, गाडीत बसायचं, संध्याकाळी तिला नाही म्हणायचं. फरक एवढाच की आता दाजी पहिल्या रांगेत बसायला लागले. बाहेर मरणाची थंडी, डब्यातही गारठा, तरी टोपी काढून मांडीवर ठेवायची आणि ताठ बसायचं. मी चिडून म्हटलं, "इथून कोण दिसणार तुम्हाला?"

"मला नाही," दाजी म्हणाले. "त्याला दिसू दे. लहानपणापासून माझ्या मागं बसून माझी मान बघितलीये त्यानं, सायकलवर."

एवढ्या गाड्या बदलल्या, पण त्यांच्या खांद्यावर कोणी हात ठेवला नाही. शेवटच्या दिवशी तपासणाऱ्या बाईंनी पासाला भोक पाडलं आणि आठवण म्हणून ठेवा, अशी खूण करून तो परत दिला.

घरी पोचलो तेव्हा ताई बाजारात गेली होती. दार उघडंच होतं.