रिकाम्या खुर्चीची शिकवणी

गणिताच्या बाईंना मुलं पाठीमागे ‘वजाबाई’ म्हणायची आणि बाईंना ते पक्कं ठाऊक होतं. कुणी उणे चिन्ह गाळलं की त्यांचा पारा असा चढायचा, की शेजारच्या वर्गातली मुलंही ताठ बसायची. त्यांची एक खोड होती. फळ्यावर उदाहरण सोडवताना त्या मुद्दाम एक चूक करायच्या आणि मागे न बघता थांबायच्या. “बाई, चुकलं!” असा ओरडा झाला की वर्ग जागा आहे हे कळायचं. बाईंना ना नवरा, ना मूल. हा ओरडा मात्र त्यांना मनापासून आवडायचा.

शाळा सुटल्यावर त्या एका मुलीला घरी जाऊन शिकवत. बहुपदी संपल्या, वर्गसमीकरणं अर्ध्यावर आली आणि मुलगी चार दिवसांच्या तापात गेली. बाई भेटायला गेल्या तेव्हा तिच्या आईने खोलीचं दार उघडलं आणि दिवा लावला. टेबलाशी खुर्ची ओढून ठेवली होती.

“बसलीय बघा केव्हाची,” आई म्हणाली. “अर्धं राहिलंय ते शिकवून टाका.”

बाईंनी काढता पाय घेतला, पण वडिलांनी त्यांना जिन्यात गाठलं.

“तिची आई त्या खोलीतून हलत नाही हो. म्हणते, एवढा अभ्यासक्रम संपू दे, मग खोली आवरते. तेवढा संपवा, बाई. माझं माणूस मला परत मिळेल.”

बाईंना नाही म्हणवेना.

मग रोज संध्याकाळी त्या रिकाम्या खुर्चीला अवयव पाडून दाखवू लागल्या. आई कोपऱ्यात हाताची घडी घालून बसायची. तिचं स्वतःचं गणित पाढ्यांपाशीच थांबलेलं. भिंतीवरच्या छोट्या फळ्याकडे ती ढुंकूनही बघत नसे. पहिले काही दिवस बाईंना स्वतःचंच हसू यायचं. पुढे ते थांबलं, कारण पाठीमागे कुणी तरी लक्ष देऊन ऐकतंय असं त्यांना वाटू लागलं.

असमानतांचा धडा सुरू झाला. उणे दोन एक्स हे चारपेक्षा लहान, असं बाईंनी लिहिलं, दोन्ही बाजूंना उणे दोनने भागलं, आणि सवयीने चिन्ह तसंच ठेवून थांबल्या. इथे ओरडणार कोण, हे लक्षात येऊन त्यांनी डस्टर उचललं.

आईने खुर्चीकडे कान केला आणि मान डोलावली.

“ती म्हणतेय, चिन्ह उलटायचं राहिलं.”

बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. “तुम्हाला कसं कळलं?”

“मला कुठलं कळतंय? ती म्हणाली.”

आपण थांबलो की चिन्हच चुकलेलं असतं, हे आईने दाराआडून वर्षभर ऐकलं असेल, अशी बाईंनी स्वतःची समजूत घातली. तरी घरी जाताना त्यांनी दोनदा मागे वळून पाहिलं. भीती वाटलीच, पण खरं सांगायचं तर त्यांना बरंही वाटलं होतं.

त्यानंतर बाईंनी घाई केली. शेवटचं उदाहरण आलं: एक्सचा वर्ग वजा पाच एक्स अधिक सहा, शून्यापेक्षा मोठं. एक्स दोनपेक्षा लहान किंवा तीनपेक्षा मोठा. बाईंनी खडू खाली ठेवला. वडील दारात उभे होते, चेहऱ्यावर कधी नव्हे तो उजेड.

“संपला अभ्यासक्रम,” बाई म्हणाल्या.

आई कितीतरी दिवसांनी हसली. तिने पलंगाखालून एक पिशवी ओढली. तीत मुलीचे कपडे होते, आणि तिचे स्वतःचेही.

“म्हणजे परीक्षेला जायला ती मोकळी. एकटीला नाही हं धाडायची मी, वाट कुठे ठाऊक आहे तिला? मीपण जाते सोबत.”

वडिलांचा चेहरा पांढराफटक पडला. बाई वर्गात ओरडत तशा ओरडल्या.

“कुठली परीक्षा? बहुपदीतसुद्धा ढीगभर चुका करते ही! मी बसू देणार नाही हिला. उद्यापासून पुन्हा पहिला धडा!”

आई खुर्चीकडे वळली. “ऐकलंस? बाई रागावल्या,” ती म्हणाली आणि तिने पिशवी आत सरकवली.

यांना घटकाभरही एकटं सोडू नका, असं बाईंनी जिन्यात वडिलांना बजावलं. दुसऱ्याच दिवशी डॉक्टर आले, औषधं सुरू झाली. शिकवणी मात्र सुटली नाही. आता बाई निवृत्त झाल्यात, गुडघे कुरकुरतात, तरी संध्याकाळी त्या जिना चढतात. शेवटचा धडा जवळ आला की वैतागून म्हणतात, “छे, ढ आहे नुसती!” आणि आई सुटकेचा निःश्वास टाकते.

त्यांच्या हाताखालून गेलेली सगळ्यात हुशार मुलगी होती ती. आई बाहेर गेली की बाई क्षणभर मागे राहतात, खुर्चीपाशी वाकून हळूच माफी मागतात. आणि हल्ली, उत्तर येईपर्यंत थांबतात.