चालकाचं नाव
गॅरेजमधून ताज्या रंगाचा वास आला की मला आमची पहिली मोटार आठवते. लायसन्स मिळून महिनाही झाला नव्हता, आणि गडमुडशिंगीजवळच्या वळणावर मी ती उसाच्या बैलगाडीला घासली. मडगार्डला पोचा आला. संध्याकाळी विम्याचा एजंट घरी आला आणि फॉर्म भरता भरता म्हणाला, "वैनी, गाडी सायब चालवत हुते असंच लिवूया की. नव्या लायसनची बाई म्हटल्यावर क्लेम अडकतोय बगा." आमच्या ह्यांनी माझ्याकडे बघितलं. "गाडी मी ठोकली, नाव माझंच लिहा. नाहीतर क्लेम नको," मी म्हणाले. "अवो, पोचा तसाच ऱ्हाईल!" "राहू दे." त्यानं मान हलवत फॉर्म पिशवीत घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी मलकापूरला निघताना ह्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि स्वतः शेजारच्या सीटवर जाऊन बसले. त्या पोच्यासकट ती गाडी मी बारा वर्षं चालवली, आणि आजही कुठल्याही कागदावर सही करण्याआधी त्यात खोटं काही नाही ना, हे पूर्ण वाचून बघते.