दोघांनी बघायचं

गुरुवारी दुपारी मी कॉलेजच्या लायब्ररीत होतो. शुभांगीवहिनी त्या वेळी कधी फोन करत नाहीत, म्हणून बाहेर जिन्यात जाऊन उचलला. "सागर, तू घरी ये," त्या म्हणाल्या. "मकरंद गेला. ईराला शाळेतून आणायचंय आणि मला एकटीला तिच्यासमोर उभं राहता येणार नाही." डब्लिनहून नावनला जाणाऱ्या बसमध्ये मी बसलो, तेव्हा इतकंच माहीत होतं. बाकीचं नंतर कळलं. मकरंददादा कंपनीच्या कॅन्टीनमध्ये हातात ट्रे घेऊन रांगेत उभे होते, तिथेच कोसळले. रुग्णवाहिका येईपर्यंत संपलं होतं. वय अठ्ठेचाळीस. मागे बायको शुभांगीवहिनी आणि मुलगी ईरा.

त्याला आता सहा आठवडे झाले. या दिवसांत घरी बरीच माणसं येऊन गेली. कंपनीतली, डब्लिनजवळच्या ओंगारची मराठी मंडळी, बंदुकीच्या क्लबातले लाल गालांचे म्हातारे शेतकरी. सगळे एकच वाक्य बोलायचे, मराठीत नाहीतर इंग्रजीत... किती व्यवस्थित माणूस होता. ते वाक्य ऐकलं की मी चहाचे कप उचलून स्वयंपाकघरात जायचो. मला राग यायचा. त्या माणसांचा नाही, दादांचाच. गेलेल्या माणसावर छापील कागदावर रागवावं की नाही, मला ठाऊक नाही. आमच्या घरात याआधी कोणी काही लिहिलेलंच नाही, त्यामुळे कोणाला विचारताही येत नाही. आणि मला माझाही राग येत होता. गेल्या ऑक्टोबरमध्ये दादा एकदा घरातच शुद्ध हरपून पडले होते. ते पाहिलेला मी एकटा. त्यांनी वहिनींना सांगू नकोस म्हटलं आणि मी सांगितलं नाही. ते गेल्यावरही सांगितलं नाही. हा लेख छापायला देण्याआधी वहिनींना ते माझ्या तोंडून कळायला हवं होतं, नाहीतर लिहायचा मला काही हक्क नव्हता.

मी त्यांच्या घरी आलो तो दीड वर्षापूर्वी. मास्टर्सला प्रवेश मिळाला होता, पण डब्लिनमध्ये खोली मिळत नव्हती. कोणीतरी त्यांचा नंबर दिला. त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर, बरोबर जिन्याच्या माथ्यावर एक छोटी खोली आहे, तिला इथे बॉक्स रूम म्हणतात. एक पलंग, एक टेबल, आणि उभं राहायला थोडी जागा. पहिल्या दिवशी मी त्यांना सर म्हणालो. "सर ऑफिसात," ते म्हणाले, "घरात दादा म्हण." दादा म्हणू लागलो, पण अहोजाहो सुटलं नाही. आता रागवतानाही सुटत नाही.

त्याच दिवशी त्यांनी मला घर दाखवलं आणि शेवटी जिन्याखालचं प्रेस. प्रेस म्हणजे कपाट, आयर्लंडमध्ये सगळे तसंच म्हणतात, दादाही म्हणायचे. दार उघडलं तर आत भिंतीला बोल्टांनी आवळलेली एक उंच लोखंडी तिजोरी. "यात दोन बंदुका आहेत," ते म्हणाले. "तुला माहीत असलेलं बरं. किल्ली कुठे आहे ते तुला कधीच माहीत नसणार, तेही बरं." बंदूक म्हटलं की आपल्याकडे लोकांच्या डोळ्यांसमोर काय येतं ते मला माहीत आहे. मंडळाच्या गणपतीतसुद्धा कोणी ना कोणी "आले शिकारी" म्हणून टोमणा मारायचंच. पण दादांनी आयुष्यात एक चिमणीही मारली नव्हती. कॉलेजात एनसीसीमध्ये रायफल हातात आली होती, ती गोडी राहून गेली होती. इथे शेजारच्या एका शेतकऱ्यानं क्लबात नेलं. यंत्र हवेत मातीच्या तबकड्या उडवतं आणि त्या फोडायच्या, एवढाच तो खेळ. दर रविवारी सकाळी, पाऊस असला तरी. आल्यावर ते बायकोला उभं राहायच्या कोणत्या जागेवरून किती फुटल्या ते सांगायचे आणि वहिनी कणीक मळता मळता हं हं म्हणायच्या.

खरा रविवार मात्र त्यानंतर सुरू व्हायचा. हॉलमधल्या जमिनीवर जुनी चादर पसरायची. बंदूक मधल्या बिजागरीवर वाकवून उघडायची आणि माझ्यासमोर धरायची. "बघ. रिकामी?" मी दोन्ही नळ्यांतून पलीकडचा उजेड बघून म्हणायचं, रिकामी. मग ते स्वतः बघायचे. "एकट्याच्या बघण्यावर विश्वास ठेवायचा नाही. दोघांनी बघायचं," हे ते दर वेळी म्हणायचे, जसं काही मी पहिल्यांदाच ऐकतोय. कंपनीत ते तपासणी विभागात होते. हृदयाच्या रक्तवाहिनीत घालतात त्या बारीक नळ्या तिथे बनत, आणि कुठलीही नळी दोन माणसांनी पाहिल्याशिवाय पुढे जात नसे. तीच पद्धत त्यांनी घरी आणली होती. नळीतून काठी फिरवायची, कापडाचा तुकडा पांढरा निघेपर्यंत. बोटांचे ठसे लोखंडावर राहिले तर गंज धरतो, म्हणून शेवटचा हात तेलाच्या फडक्याचा. दस्ता आणि नळ्या वेगळ्या करून कापडी पिशव्यांत ठेवायच्या, ट्रिगरला छोटं कुलूप लावायचं. काडतुसं तिजोरीत नाहीत, ती वेगळ्या लोखंडी पेटीत, वेगळ्या कुलपात, वरच्या मजल्यावर. कानांवर लावायची झाकणं, चष्मे, तेल, काठ्या, सगळ्यांना एकेक डबा आणि प्रत्येक डब्यावर मराठीत चिठ्ठी. परवान्याच्या तपासणीला आलेल्या गार्डानं, म्हणजे इथल्या पोलिसानं, हे काय लिहिलंय म्हणून विचारलं, तर दादा म्हणाले, "चोराला आधी मराठी शिकावी लागेल." तो बराच वेळ हसत होता म्हणे. क्लबात त्यांना "चिठ्ठ्यावाला" अशा अर्थाचं काहीतरी नाव होतं.

किल्लीबद्दल कायद्याची अपेक्षा अशी की ती परवानाधारकाशिवाय कोणाच्या हाती लागू नये. दादांनी ती इतकी पाळली की बायकोलाही पत्ता नव्हता. "सतरा वर्षं संसार केला," वहिनी पाहुण्यांसमोर म्हणायच्या, "पण याची किल्ली कुठे ते फक्त त्या बंदुकीला माहीत." सगळे हसायचे. दादा सगळ्यात जास्त.

माझे वडील आमच्या तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत बंदूकधारी रखवालदार आहेत. नववी शिकलेले. त्यांची बाराबोर आमच्या एका खोलीत, कपड्यांच्या दोरीशेजारी खिळ्याला टांगलेली असायची. हे मी एका रविवारी सहज बोलून गेलो. दादांच्या हातातली काठी थांबली. "आणि काडतुसं?" त्यांनी विचारलं. पट्ट्यात, त्याच खिळ्याला, मी म्हणालो. ते हसले नाहीत. "तू आणि तुझी बहीण वाचलात, एवढंच म्हणतो." त्यांनी तिथूनच वडिलांना व्हिडिओ कॉल लावला, काका काका म्हणत अर्धा तास बोलले. दुसऱ्या दिवशी वडिलांनी पत्र्याची ट्रंक आणि दोन कुलपं आणली, भिंतीत कडी ठोकून बंदूक साखळीनं बांधली, आणि शेजारीपाजारी सांगत सुटले की परदेशातल्या इंजिनियरसाहेबांनी सांगितलंय. आमच्या घरात शिकलेल्या माणसानं सांगितलं की प्रश्न विचारायचा नसतो. मी तेच घेऊन मोठा झालो. म्हणून ऑक्टोबरमध्ये दादा म्हणाले, "काही नाही, उपाशी होतो, शुभांगीला उगाच घाबरवू नकोस," तेव्हा मला वाटलं, एवढा शिकलेला माणूस, हृदयाच्या नळ्या तपासणारा, त्याला कळतंच असेल. मी कोण सांगणार... आज ते आठवलं की कानशिलं गरम होतात.

अंत्यविधीनंतर आठवडाभरानं गार्डांचा फोन आला. परवानाधारक गेल्यावर बंदुका घरात ठेवता येत नाहीत. एक गार्डा बाई आणि परवानाधारक बंदूक विक्रेता, असे दोघे आले. किल्ली मागितली. आम्ही पिठाच्या डब्यापासून गाडीच्या डिकीपर्यंत घर उलटंपालटं केलं होतं, मिळाली नव्हती. मग विक्रेत्यानं गाडीतून कटर आणला. हॉलमध्ये ठिणग्या उडत होत्या आणि अकरा वर्षांची ईरा जिन्यावर कानांवर हात ठेवून बसली होती. मी वर जा म्हणालो तर म्हणाली, "आय'म ग्रँड," म्हणजे इथल्या बोलीत मी ठीक आहे, आणि तिथेच बसून राहिली. दार निघालं. आत सगळं जागच्या जागी. विक्रेता म्हणाला, दुकानातसुद्धा इतकं नीट नसतं. बंदुका, काठ्या, तेल, सगळं बाहेर काढलं. आणि तळाशी एक प्लॅस्टिकचं पाकीट.

त्यात हॉस्पिटलची तीन पत्रं होती. पहिलं, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून हृदयविभागात तपासणीची तारीख. दुसरं, पहिल्या वेळी न आल्याबद्दल नवी तारीख. तिसरं, दोन्ही वेळा न आल्यामुळे यादीतून नाव काढत असल्याचं. म्हणजे ते ऑक्टोबरनंतर गुपचूप डॉक्टरकडे गेले होते आणि तिथून पुढे गेले नव्हते. पत्रांच्या खाली परवान्याच्या नूतनीकरणाचा फॉर्म होता. नाव, पत्ता, बंदुकांचे नंबर, सगळं त्यांच्या सरळ अक्षरात भरलेलं. आजारांबद्दलचा प्रश्न तेवढा कोरा.

हे असं का, ते वहिनींना लगेच कळलं नाही. मला कळलं, कारण मी त्या माणसाबरोबर दर रविवारी त्या चादरीवर बसलो होतो. दादा खोटं लिहिणाऱ्यांतले नव्हते. रोगाचं नाव एकदा कागदावर आलं असतं तर त्यांना ते फॉर्मवर लिहावंच लागलं असतं. म्हणून त्यांनी नाव कागदावर येऊच दिलं नाही. आधी परवाना होऊ दे, मग तपासणी करू... खोटं बोलायला नको म्हणून खरं कळायला नको. आणि ती पत्रं ठेवली कुठे, तर घरातल्या ज्या एकाच जागेचं दार बायकोला उघडता येत नव्हतं तिथे. ती तिजोरी घरातल्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी होती ना, दादा? ज्यानं माझ्या वडिलांना दोन कुलपं घ्यायला लावली, त्याला हे कळू नये? गार्डा बाईंनी फॉर्म पाहिला, मला हळूच बाजूला घेतलं. हृदयाचं काही असतं तर फार तर डॉक्टरचं पत्र मागितलं असतं, त्या म्हणाल्या. "विचारलं असतं तर सांगितलं असतं. सगळं ग्रँड झालं असतं." त्या भल्या मनानं बोलल्या. पण मला त्या पाकिटावर पाय द्यावासा वाटला. दादांनी विचारलंच नाही. दुनियेला दोघांनी बघायचं शिकवलं आणि स्वतःच्या छातीत एकट्यानं बघितलं.

त्यानंतर चार आठवडे मी वहिनींच्या ताटात जेवत राहिलो. त्या पुन्हा पुन्हा म्हणायच्या, मला एकदा तरी काही दिसलं असतं रे, कणभर जरी... आणि मी पोळी तोडत राहायचो. गेल्या रविवारी सकाळी ईरा कॅमोगीच्या, म्हणजे इथल्या मुलींच्या हॉकीसारख्या खेळाच्या, सरावाला गेली होती. वहिनी हॉलमध्ये होत्या, तिजोरीचं कापलेलं दार उचलून न्यायला माणूस येणार होता म्हणून प्रेसमधलं सामान बाजूला करत होत्या. मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसलो आणि सांगून टाकलं.

त्या ओरडल्या नाहीत. हातातलं सामान खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "सहा आठवडे माझ्यासमोर बसून जेवलास."

"हो."

"कुठे पडला होता, दाखव."

मी दाखवलं. चादर कुठे होती, पाठ कुठे टेकली, डोकं कोणत्या बाजूला कललं. किती वेळ, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, मोजलं नाही, पण मी तीनदा हाक मारली एवढं आठवतंय. ओठांचा रंग विचारला. घाम विचारला. मी एकेक सांगत गेलो. मग त्या माझ्या समोर जमिनीवर बसल्या.

"शुद्धीवर आल्यावर पहिलं काय बोलला?"

मला खोटं बोलता आलं असतं. त्यांना बरं वाटेल असं एखादं वाक्य माझ्याकडे तयारही होतं. पण या घरात खरं लपवून झालं होतं पुष्कळ.

"ट्रिगरचं कुलूप लावलंय का बघ, म्हणाले."

"माझं नाव?"

"नाही, वहिनी."

"ईराचं?"

मी मान हलवली. त्यांनी पदर नसताना पदर सावरल्यासारखा हात खांद्याकडे नेला आणि खाली आणला. रडल्या नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुझ्यावर मी रागावणार आहे, सागर. सोडणार नाही. पण आधी त्याचा नंबर आहे. तू वर जा."

मी वर गेलो. बॉक्स रूम बरोबर त्या प्रेसच्या डोक्यावर येते, खालचं सगळं ऐकू येतं. पलंगावर बसून होतो. खाली वहिनी रिकाम्या तिजोरीसमोर बसून दादांशी भांडत होत्या. आवाज चढत नव्हता. शब्द मी मुद्दाम ऐकले नाहीत. मधेमधे त्या थांबत होत्या... दादांना उत्तर द्यायला वेळ देत असल्यासारख्या... आणि मग पुन्हा सुरू करत होत्या.