आपल्यातला एक

पोलीस खात्यात माणूस बऱ्याच गोष्टी विसरायला शिकतो. पाळी गावातल्या सभेआधीचे चार दिवस मात्र मला अजून विसरता आलेले नाहीत. संबंधितांपैकी काही जण हयात आहेत, म्हणून कोणाचेही नाव देत नाही.

तेव्हा मी डिचोली ठाण्यात उपनिरीक्षक होतो. गोव्याला घटकराज्याचा दर्जा नुकताच मिळाला होता. भाषेच्या आंदोलनात रस्त्यावर आडवी पाडलेली झाडे उचलून झाली होती, पण लोकांच्या मनातली धास्ती गेली नव्हती. बाजारात दोन माणसे मोठ्याने बोलली तरी दुकानदार फळ्या लावायला उठत. अशा दिवसांत, एका बुधवारी सकाळी, हातात मासळीची पिशवी घेतलेली एक बाई ठाण्यात आली. ठाणे अंमलदाराला काही न सांगता ती सरळ माझ्या टेबलाशी आली. मी उठून उभा राहिलो, कारण मी तिला ओळखत होतो. ती आमदारांची पत्नी होती.

"साहेब, मी हय इलंय ह्या तेंका कळाक नये," ती म्हणाली. "बाजाराक जातंय म्हणान भायर पडलंय."

"वहिनी, बसा. काय झालं?"

"ते भियेतत. जेवण उतरत नाय. खिडकेकडे बसनत नाय. गाडयेत फुडे बसायचे, आता मागे बसतत." तिने पिशवीतून घडी केलेला कागद काढला. "तेंच्या सदऱ्याच्या खिशात गावलो."

त्यावर शाईच्या पेनने, जाड अक्षरात लिहिले होते: 'भाई, रविवारी तुम्ही पाळीत स्टेजवर उभे राहणार. गेट उघडल्याशिवाय कोणी एकटा घरी जाणार नाही, असं तुम्हीच म्हणाला होता. त्या दिवशी आपल्यातला एक कमी होईल.' खाली सही नव्हती.

या आमदारांना खाणपट्ट्यात सगळे भाई म्हणत. त्यांचे वडील सिंधुदुर्गातून पेडण्यात काजूच्या बागेत कामाला आले आणि तिथेच राहिले. भाई तरुणपणी पाळीकडच्या एका खाणीवर मजूर म्हणून लागले. तिथे त्यांनी कामगारांची युनियन उभी केली. त्यांचा पहिला संप चालू होता तेव्हा मी नवा शिपाई म्हणून त्या खाणीच्या गेटावर बंदोबस्ताला होतो. आमच्या काठ्यांसमोर हा माणूस हात मागे बांधून उभा राहिला होता, एवढे मला चांगले आठवते. पुढे कामगारांनीच त्यांना विधानसभेत पाठवले. तो माणूस खिडकीला घाबरतो, हे मला पटेना.

दुपारी मी बंदोबस्ताचे निमित्त काढून त्यांच्याकडे गेलो. पडदे ओढलेले होते. धमकी वगैरे आली आहे का, असे विचारले तेव्हा ते हसले.

"आमदाराला लोक काय काय लिहितात. तुम्ही सभेचा बंदोबस्त बघा."

मी कोणत्याही कागदाचा उल्लेख केला नव्हता. 'लिहितात' हा शब्द त्यांनी आपणहून वापरला. चौकशीत माणूस अशाच ठिकाणी सापडतो.

शुक्रवारी खरी भीती समोर आली. भाई ज्या खाणीवर काम करायचे, तिथल्या स्फोटकांच्या कोठाराचा राखणदार आमोणे गावचा होता. त्याच्या शेजाऱ्याने आमच्या हवालदाराला खबर दिली की हा माणूस तीन आठवडे झोपलेला नाही, देवाला नवस बोलतो आणि 'माझी नोकरी गेली' असे पुटपुटतो. मी त्याला ठाण्यात बोलावले. चहा आणि उंडे, म्हणजे गोल पाव, मागवले. त्याने पाव हातात घेतला, मोडला आणि तसाच धरून बसला.

"कोठारातून काय गेलं?" मी विचारले.

"कायच नाय, साहेब."

"मग कशाला भितोस?"

मी आवाज चढवला नाही. परवा पाळीत सभा आहे, तिथे हजारभर माणसे बायकापोरांसह बसणार आहेत, आणि त्यात तुझ्या आमोण्याचीही असतील, एवढेच सांगितले. त्याच्या हातातला पाव खाली पडला.

"जिलेटीनच्या तीन कांडयो," तो म्हणाला. "आनी एक केप."

केप म्हणजे सुरुंग पेटवणारा डिटोनेटर. कोणी नेल्या ते मात्र त्याला ठाऊक नव्हते. महिन्याभरापूर्वी खाणीवरून अकरा जणांना कमी केले होते. त्या शेवटच्या दिवशी कोठारापाशी गर्दी झाली, रडारड झाली, त्यातच कधीतरी त्या गेल्या. नोकरी जाईल म्हणून त्याने गप्प बसणे पत्करले होते.

मी वरिष्ठांना वायरलेसवर कळवले. सभा रद्द करावी असे माझे मत होते. वर निर्णय होईपर्यंत हातावर हात ठेवून बसणे शक्य नव्हते. शनिवारी सकाळी मी पुन्हा भाईंकडे गेलो आणि चिठ्ठी त्यांच्यासमोर ठेवली.

"ही कोणी लिहिली ते तुम्हाला माहीत आहे," मी म्हणालो. "गेटाबद्दलचं हे वाक्य तुम्ही कोणासमोर बोलला होता?"

त्यांनी कागद उचलून पुन्हा वाचला.

"पहिल्या संपाच्या आदल्या दिवशी. आम्ही चौघे होतो. दोघे वारले. तिसरा मी."

"आणि चौथा?"

"सुरुंग लावायचा. कोल्हापूरकडचा." त्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. "स्थानिकांना आधी काम द्या, अशी मागणी मीच लावून धरली होती. राज्य झालं, लोकांना तेच ऐकायचं होतं. कंपनीने कामावरून काढायला बाहेरच्यांची यादी केली. त्यावर माझी संमतीची सही आहे. त्याचं नाव तुम्हाला सांगितलं असतं, तर त्याला का काढलं हेही तुम्ही विचारलं असतं."

म्हणजे त्यांना मरणाची भीती होती आणि त्या सहीचीही होती. यातली कोणती मोठी, ते मला ठरवता आले नाही.

तासाभरात आम्ही पाळीला पोचलो. मी नको म्हणत असताना भाई जीपमध्ये येऊन बसले. सुरुंगवाल्याची खोली खाणमजुरांच्या ओळीत शेवटची होती. दार उघडेच होते. शेजारच्या खोल्या रिकाम्या करायला हवालदाराला पाठवून मी उंबऱ्यावर उभा राहिलो. पन्नाशीचा माणूस, धुतलेला सदरा घालून जमिनीवर बसला होता. पुढ्यात ॲल्युमिनियमचा जेवणाचा डबा, डब्यातून बाहेर आलेल्या दोन वायरी, आणि उजव्या मुठीत बॅटरीचा सेल.

उंबरा ओलांडायची माझी हिंमत झाली नाही. ही गोष्ट लिहायला मला आज लाज वाटत नाही. पिस्तूल कमरेला होते, पण त्या खोलीत त्याचा काही उपयोग नव्हता.

"सायेब, आत येऊ नगा," तो शांतपणे म्हणाला. "तुमाला काय व्हायला नको. उद्याचं काम हाय. उद्या स्टेजपासनं लांब, पार कडंला हुबा ऱ्हाणार होतो. बाकी कुनाला खरचटायला नको."

"स्टेजपासून लांब?" मी विचारले. "मग भाईंना कसा मारणार होतास?"

त्याने माझ्याकडे नवलाने पाहिले.

"भाईंना कोन मारतंय? आपल्यातला एक, असं लिवलंय न्हवं. त्यो मीच की. म्हनलं, त्यांच्या डोळ्यांदेखत जावं. बायकोला गावी धाडली. अठरा वर्सं हितं काढली, आता म्हनत्यात भायेरचा. गावाकडं ऱ्हायलंय काय माझं?"

माझ्या मागून भाई पुढे आले. मी त्यांचा दंड धरला, तो त्यांनी सोडवला. आत जाऊन ते डब्याच्या पलीकडे, त्याच्यासमोर मांडी घालून बसले. त्यांचा श्वास मला दारात ऐकू येत होता.

"यादीवर माझी सही आहे," ते म्हणाले.

"ठावं हाय. न वाचता केली आसंल, असं मी समद्यास्नी सांगितलं."

"नाही. वाचून केली. तुझं नाव तिसरं होतं."

बाहेर ट्रकांचा आवाज चालू होता. सुरुंगवाल्याने मान खाली घातली आणि खांदे हलवत, आवाज न करता रडू लागला. मुठीतला सेल त्याच्या हातून निसटून जमिनीवर घरंगळला. भाईंनी तो पायाने माझ्याकडे ढकलला. मी आत जाऊन डबा बाजूला घेतला आणि वायरी मोकळ्या केल्या.

पंचनामा झाला, स्फोटक कायद्याखाली गुन्हा नोंदवला. रविवारची सभा मात्र झाली. भाईंनी तिथे यादीची गोष्ट स्वतः सांगितली. मागून शिट्ट्या सुरू झाल्या. खटल्यात त्यांनी तेच शपथेवर सांगितले. कोर्टाने आरोपीला कमी शिक्षा दिली. ज्यांना स्थानिकांसाठी लढणारा आमदार हवा होता ते त्यांच्यावर चिडले, आणि काढलेल्या कामगारांनीही त्यांना माफ केले नाही. पुढची निवडणूक ते हरले. पुन्हा उभे राहिले नाहीत. पेडण्यात वडिलांच्या जागेत राहू लागले.

पुष्कळ वर्षांनी तिथल्या बसस्थानकावर मला ते भेटले. सुरुंगवाल्याची विचारपूस मी केली तेव्हा म्हणाले, "गावी आहे. दिवाळीला पत्र टाकतो. मी उत्तर लिहितो, पण काय लिहायचं ते मला अजून कळत नाही."

त्या चार दिवसांत मी ज्याला त्याला एकच प्रश्न विचारत होतो: भाईंच्या जिवावर कोण उठले आहे? चिठ्ठीतला अर्थ सरळ होता. तो मला दिसला नाही, कारण खुर्चीवरच्या माणसाचा जीव तेवढा धोक्यात असतो, असे मी धरून चाललो होतो. भाईंनीही तेच धरले होते. त्यानंतर निनावी चिठ्ठी हातात आली, की ती ज्याला आली त्याच्या बंदोबस्ताबरोबर मी लिहिणाऱ्याच्या घरचीही विचारपूस करायला माणूस पाठवायचो. सहकारी हसत. बहुतेक वेळा ती खेप फुकट गेली. दोनदा गेली नाही.